कापणीच्या सणाची टोपली

"ही टोपली तीच का वं?"

मॅडमनी माझ्या आईला सगळ्यांसमोर विचारलं. चर्चच्या दारात. कापणीच्या सणाला. त्या दिवशी आमच्या मंडळीतला प्रत्येक जण घरचं पहिलं पीक देवापुढे ठेवतो आणि उपासना झाली की ते सगळ्यांत वाटतात. आईने झोपडीमागच्या वेलाचं पहिलं कोहळं आणलं होतं. आई मैला वाहायची. डोक्यावरच्या टोपलीतून. मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांचा नवरा मंडळीचा पंच. त्यांनी विचारलं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"नाही बाई," आई म्हणाली. "नवी आहे. कालच सक्करदऱ्याच्या बाजारातून आनली."

"राहू दे. बाहीरच ठेव."

कोहळं पायरीवर राहिलं. आत गाणी झाली, वाटप झालं. आमच्या कोहळ्याला कोणी हात लावला नाही. आईने टोपली परत डोक्यावर घेतली. मी नऊ वर्षांची. मुद्दाम दहा पावलं मागे चालत होते. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "ते तुही आई आहे का वं?"

मी म्हणाले, "नाही."

आईने ऐकलं. तिने वळून पाहिलं नाही.

घरी तिने तेच कोहळं चिरलं. "देवाच्या नावानं काहाडलं आहे. वाया नाही जाऊ देनार." जेवणाआधी डोळे मिटून आभार मानले. मला भयंकर राग आला. मॅडमचा नाही. तिचा. हिला लाज कशी वाटत नाही!

पुढे मी शिकले. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, बेसा भागात फ्लॅट झाला. आई गेली. ती काय करायची असं कोणी विचारलं, तर मी सांगायची, महापालिकेत होती. खोटं नव्हतं, म्हणून आणखी वाईट होतं. जुन्या करारात देव आपल्या लोकांना हेच बजावत राहतो. चांगली घरं बांधाल, पोटभर जेवाल, आणि गुलामीतून कोणी काढलं ते विसराल. पास्टर यावर दरवर्षी बोलायचे. मी दरवर्षी मान डोलवायची.

यंदा सणाचं वाचन माझ्याकडे आलं. जुन्या करारातलं, पहिल्या पिकाचं. त्यात माणसाने टोपली देवापुढे न्यायची आणि मोठ्याने सांगायचं, की आम्ही परक्या देशात गुलाम होतो, आम्हाला छळलं, आम्ही ओरडलो आणि देवाने ऐकलं. मुकाट्याने टोपली ठेवून चालणार नाही. बोलावं लागतं.

मंडळीचा सेक्रेटरी आता मॅडमचा मुलगा आहे. आदल्या दिवशी म्हणाला, "ताई, ते गुलामीचं गाळून टाका ना. सणाचा दिवस आहे. टोपली आणली, आनंद केला, बस."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं? तेवढंच तर गाळलं होतं.

"नाही गाळणार."

"काहून वाढवून राहिल्या, ताई?"

"नाही गाळणार."

सकाळी सक्करदऱ्याहून टोपली घेतली, कोहळं घेतलं. फाटकापासून डोक्यावर घेऊन गेले. वेदीपुढे ठेवलं. सगळं वाचलं, एक शब्द सोडला नाही. मग पुस्तक मिटलं.

"माझी आई मैला वाहायची. तिची टोपली याच दारात अडवली होती. त्याच दिवशी मी म्हणाले, ही माझी आई नाही."

रडले. पहिल्या बाकावर मॅडम होत्या, आता थकलेल्या. शेजारणीला विचारत होत्या, "कोनाची वं हे?" त्यांना खरंच आठवत नव्हतं.

वाटप झालं. कोहळं तसंच राहिलं. या वेळीही.

मी ते घरी आणून चिरलं. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिची आजी काय काम करायची, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आणि मी काय बोलले होते तेही.

पुढच्या सणाला आम्ही दोघी जाणार. टोपली डोक्यावर घेऊन. तीच का, असं कोणी विचारलं तर नवी आहे म्हणून सुटका करून घेणार नाही. माझ्या आईला तसं म्हणावं लागलं होतं, हे सांगणार. कोणी विचारलं नाही तरी सांगणार.