उंदराच्या सालातला कचरा

आमच्या आईला दुसऱ्याच्या अंगणातला कचरा बघवत नसे. स्वतःच्या अंगणातला बघायचा प्रश्नच नव्हता, तो नसायचाच. बालाघाटच्या आमच्या आळीत आपल्याइतकं पहाटे उठून सडा-सारवण करणारी दुसरी बाई नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. या गुणापायी साठ साली तिनं जो घोळ घातला, तो आठवला की मला अजून हसू येतं.

शेजारी, बांबूच्या ताटीपलीकडे, चिनी दातवाले राहत. मूळचे कलकत्त्याचे. बाजारात त्यांचं दुकान होतं. परसवाडा, किरनापूर, कुठून कुठून माणसं त्यांच्याकडे दात उपटायला नि कवळी बसवायला येत. त्यांची बायको फार बोलायची नाही, पण आईला ‘दीदी’ म्हणायची आणि आईच्या हातचा झुणका मिटक्या मारत खायची. आईला तेवढं पुरे होतं.

त्या बाईची दोन लेकरं पोटातच गेली होती. एक कुत्र्याच्या सालात, एक डुकराच्या. त्यांच्यात प्रत्येक सालाचं एक जनावर ठरलेलं असतं. आता तिला पुन्हा सातवा महिना चालू होता आणि येणारं साल होतं उंदराचं. उंदराला पिल्लं पुष्कळ, तेव्हा हे साल तरी आपल्याला लेकरू दाखवील, अशी दोघांची आस. “उंदीरच पाह्यजे असन तं आमच्या धानाच्या कोठीतले घेऊन जा म्हणा,” आई म्हणाली खरी, पण त्या संध्याकाळी तिनं गणपतीपुढं एक दिवा जास्तीचा लावला.

नव्या सालाच्या आधी आठ दिवस त्यांनी घर असं घासूनपुसून काढलं की आई खूश झाली. खाटेचे पाय दाराकडे होते, ते फिरवले. दारासमोरचा आरसा हलवला. दारावर लाल कागद लावला, त्यावरचं अक्षर मुद्दाम उलटं. आई ते सरळ करायला निघाली होती, बाबांनी हाताला धरून बसवलं. आमच्याकडे ताटभर संत्री आली, ती पण जोडीजोडीनं मांडलेली. एकच गोष्ट आईच्या पचनी पडेना. सण आला होता पौषातल्या अमावास्येला.

“अमावास्येले कोणी नवं साल मांडते काय वो?”

“त्यांचं त्यांना ठाऊक. तू आपलं संत्रं खा,” बाबा म्हणाले.

सणाच्या सकाळी आईनं ताटीवरून डोकावून पाहिलं. पलीकडच्या अंगणात फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा, शेंगांची टरफलं, संत्र्यांची सालं. आणि घरातलं कोणी उठलेलं नाही. आईचा जीव कळवळला. “पोटुशी बाई, वाकता येत नसन तिले. सणाचा दिवस, अन् आंगण असं!” पदर खोचून ती गेलीच. ओसरीपासून फाटकापर्यंत लख्ख झाडलं, कचरा गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर टाकला, शेणाचा सडा घातला. मला रांगोळी काढायला लावली. मी उंदीर काढला. तो डुकरासारखा दिसत होता, पण आई म्हणाली चालते.

दार उघडलं. लाल कपडे घातलेली ती बाई बाहेर आली, अंगण पाहिलं आणि उंबऱ्यावर मटकन बसली. डोळ्यांतून आसवं वाहू लागली. मागून दातवाले आले. त्यांनी फार मऊपणानं सांगितलं, “दीदी, आज के दिन हम झाडू नहीं लगाते. घर की बरकत बाहर चली जाती है.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. भांडायला कधी मागं न हटणारी माझी आई तशीच मागं फिरली. ती घरी आली, सूप उचललं आणि तडक उकिरड्यावर गेली. बऱ्याच वेळानं गल्लीतून कचऱ्याचं सूप डोक्यावर घेऊन येताना दिसली. समोरच्या वहिनींनी विचारलं, “काहून वो, कचरा घरात नेऊन राह्यल्या?”

“हौ. तुमचं काय जाते?”

आधी ती आमच्या घरात गेली; मग त्यांच्या फाटकातून आत शिरून तिनं ते सूप स्वतः सारवलेल्या अंगणात, माझ्या उंदरावर, थेट उंबऱ्यापर्यंत रिकामं केलं. आमची आई! ती चिनी बाई रडता रडता हसायला लागली आणि आईच्या गळ्यात पडली. बाबा मात्र दिवसभर कपाळाला हात लावून बसले होते.

चैत्रात मुलगी झाली. धडधाकट, टाहो फोडणारी. आईनं तिला रोज तेल लावून न्हाऊ घातलं.

ती दोन-अडीच वर्षांची झाली आणि चीनची लढाई लागली. ज्यांचे दात या माणसानं बसवले होते, त्याच दातांनी लोक त्याला शिव्या देऊ लागले. मला अजून त्याची चीड येते. दुकान बसलं. त्यांनी कलकत्त्याला परत जायचं ठरवलं, आणि गोंदियाच्या छोट्या गाडीवर त्यांना पोचवायला आळीतून फक्त आम्ही दोघी गेलो.

गाडी हलली तशी मी रडत रडत आईवर उखडले. “काय कामाचं ते साल? काय कामाची ती बरकत? उगाच उकिरडा चिवडलास.”

“तोंड सांभाळ,” आई कडाडली. “लेकरू जितं हाये ना? आईच्या मांडीवर बसून गेलं ना?” मग रुळांकडे बघत म्हणाली, “उकिरड्यावर अर्धंच सापडलं होतं मले. बाकीचं वाऱ्यानं उडून गेलतं. मंग घरी आली, आपली ओसरी झाडली, देवघर झाडलं, तुह्या अंथरुणाखालचंही झाडलं, अन् ते सारं घातलं सुपात. तिले कमी पडलं असतं तं?”