माझं वर्गणीचं पत्र आणि आप्पांचे ग्रुप

वर्गणीचं पत्र सुरू करायचा विचार मी सगळ्यात आधी आप्पांना सांगितला. अव्वाला आधी सांगितलं असतं तर तिनं तो आप्पांना सांगितलाच असता, आणि सांगताना निम्मा बदलला असता.

आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अव्वा म्हणजे आई, मूळची सीमेवरच्या मैंदर्गीची. दोघं एकमेकांशी कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि भांडण निघालं की तोंडाला येईल त्या भाषेत. माझं घर सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ, त्यांचं तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. सकाळी तलावाभोवती फिरून परतताना आप्पा माझ्याकडे चहाला थांबतात. तेव्हाच मी विषय काढला.

ज्या पुरवणीत मी सदर लिहीत होते ती बंद पडली होती. भाषांतराची कामं होती. शेतीपंपांची माहितीपुस्तकं, औषधांच्या खोक्यातल्या सूचना. त्यावर घर चालत होतं, पण स्वतःचं लिहिणं मागे मागे सरकत चाललं होतं. दोन-तीन ठिकाणी लेख पाठवले तर उत्तर यायचं, "छान आहे, पण सोलापूरबाहेरच्या वाचकाला यात काय?" मला तर सोलापूरचंच लिहायचं होतं, तेही लांबलचक, निवांत. म्हणून ठरवलं, दर शनिवारी सकाळी एक लेख ईमेलनं पाठवायचा, आणि ज्यांनी वर्गणी भरली असेल त्यांनाच पाठवायचा.

"म्हणजे पेपर काढणार?" आप्पांनी विचारलं.

"पेपर नाही. पत्र. ईमेलवर जाणार."

"आणि लोक त्याला पैसे देणार?"

"देतील की. द्यावेत अशी इच्छा आहे."

आप्पांनी बशीतला चहा संपवला. "लोक एसटीलापण नाखुशीनंच देतात," ते म्हणाले. "पण गाडी वेळेवर सुटली की देतात. तू शनिवार चुकवू नको."

पहिले वर्गणीदार तेच झाले. बापाला फुकट नको म्हणाले. मग माझी कॉलेजातली एक मैत्रीण, सदर वाचणारे काही जुने लोक, सोलापूर सोडून पुण्या-हैदराबादला गेलेली आणि शेंगाचटणीच्या आठवणीनं हळवी होणारी मंडळी. यादी हळूहळू वाढली आणि एका जागी येऊन थांबली. मी शनिवार चुकवत नव्हते, तरी ती हलेना.

त्यातल्या एका शनिवारी मी अव्वाच्या वांगी-खरेदीवर लिहिलं. आमच्या गल्लीत जी भाजीवाली येते तिच्या घरात तेलुगू बोलतात. अव्वा भाव करते मराठीत, नाव ठेवते कानडीत, आणि भाजीवाली तेलुगूत जे पुटपुटते ते अव्वाला बरोबर कळतं. एके दिवशी घेतलेली वांगी किडकी निघाली म्हणून अव्वा ती पिशवीत घालून परत करायला निघाली आणि भाजीवालीच्या घरी बसून, तिच्या लेकीचा बाळंतविडा बघून, जेवून आली. वांगी पिशवीतच राहिली. एवढाच तो लेख. लिहिताना मला फार मजा आली होती.

पुढच्या आठवड्यात फॉल लावायला टाकलेली साडी आणायला गेले. शिवणारी बाई मशीन थांबवून म्हणाली, "ताई, मग अव्वांनी ती वांगी केली काय हो घरी?"

ती वर्गणीदार नव्हती. मला वाटलं, कुणाकडून ऐकलं असेल. मग मैंदर्गीला एका लग्नाला गेलो तर बायकांनी अव्वाला घेरलंच. "बदनीकाई, बदनीकाई" म्हणत हसत होत्या. बदनीकाई म्हणजे वांगी. अव्वा खूश होती, मी मात्र बुचकळ्यात. यांतल्या एकीकडेही माझं पत्र जात नव्हतं.

उलगडा केला पुण्याच्या नणंदेनं. तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि वर लिहिलं, "वहिनी, हे वाच. तुझ्या सोलापूरचं आहे. कुणी लिहिलंय माहीत नाही, पण तूही असं काहीतरी लिही." तो माझाच लेख होता, पहिल्या शब्दापासून. खाली माझं नाव नव्हतं. त्या जागी होतं, "लेखक अज्ञात. आई ती आईच. आवडल्यास पुढे पाठवा." आणि फुलांची रांग.

मी स्वयंपाकघरात उभी राहून तो पुन्हा वाचला. रागापेक्षा विचित्र वाटलं. आपल्याच घरात शिरावं आणि कुणीतरी विचारावं, कोण पाहिजे तुम्हाला?

तशीच आप्पांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते, चष्मा कपाळावर.

"आप्पा, माझे लेख तुम्ही कुणाला पाठवता?"

"पाठवतो की," ते आनंदानं म्हणाले. "दर शनिवारी, आंघोळ झाली की. चार ग्रुपवर. आमचे एसटीतले निवृत्त, फिरायला येणारे, भावकीतले आणि गल्लीतले. वर लिहितो, माझी मुलगी लिहिते, जरूर वाचा. लोक लई कौतुक करतात तुझं."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझा निम्मा राग तिथंच गळाला. तरी सांगणं भाग होतं. वर्गणी भरणाऱ्यांनाच ते मिळतं म्हणून लोक वर्गणी भरतात, हे मी समजावलं. ते मान हलवत होते, पण पोचत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही आख्खी गाडी विनातिकीट बसवून नेताय."

उभ्या नोकरीत ज्यांनी सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा तिकिटाशिवाय बसू दिलं नव्हतं, त्यांना हे असं बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. मग मी नणंदेनं पाठवलेला मजकूर दाखवला. त्यांनी चष्मा खाली घेऊन शेवटपर्यंत वाचला.

"नाव कुठं गेलं?"

"तेच विचारायला आले."

"मी घातलं होतं. वर. ठळक अक्षरांत." "हे कुणी काढलं?"

अव्वा आतून म्हणाली, "कुणी का काढेना, बदनीकाई माझीच आहेत." पण आप्पांना हसू आलं नाही.

त्यांनी शोध सुरू केला. नणंदेपासून उलटं निघाले. तुला कुणी पाठवलं, त्याला कुणी पाठवलं. अनोळखी माणसांना फोन लावून आधी स्वतःची ओळख सांगायचे, मग मुलीची, मग लेखाची. काहींनी फोन ठेवून दिले, काहींनी गप्पा मारल्या. एक बाई तर म्हणे वांग्याच्या भाजीची कृती विचारत बसली. मी त्यांना सोडून द्या म्हटलं, पण ते ऐकेनात. अखेर एका सकाळी चहाला आले ते उतरल्या चेहऱ्यानं.

"सापडलं. मंगळवेढ्याला गेलं तिथं नाव गळलं."

मंगळवेढ्याला त्यांचा जुना ड्रायव्हर होता. कितीतरी वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली होती. शाळेला सुट्टी लागली की मीही त्या गाडीतून जायचे, ड्रायव्हरकाकांच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणावर गोधडीची घडी टाकून.

"त्यांना फोन करा मग," मी म्हणाले.

"फोनवर नाही विचारणार. समोर बसून विचारतो. तू पण चल."

रविवारी आम्ही एसटीनं गेलो. बाहेर काळी सपाट रानं आणि नजर पोचेल तिथवर ज्वारी. आप्पा सगळी वाट नवीन कंडक्टरकडे बघत होते.

काकांचं घर गावाच्या कडेला. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून दारात बसले होते. मी हाक मारली तशी त्यांनी आवाजावरून ओळखलं. "ये की पोरी! लई वर्सांनी आलीस." आप्पा पाणीही न घेता म्हणाले, "नाव तू काढलंस?"

"कसलं नाव?"

"हिच्या लेखावरचं."

"व्हय. म्याच काढाय लावलं सुनंला."

"का?"

"का म्हंजी?" काकांनाच आश्चर्य वाटलं. "पोरीचं नाव हाय, आडनाव हाय. ह्या गुरुपावनं त्या गुरुपावर, कुटं कुटं जातंय कुणाला ठावं? उद्या कोन फोन करंल, कोन वंगाळ बोलंल. म्हनलं लेख जाऊ दे चार लोकांत, ग्वाड हाय. नाव घरात ऱ्हाऊ दे."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी एसटीत बसून बरंच काही मनात जुळवून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नाही. या माणसानं वळणावर डावा हात माझ्यापुढं आडवा धरून गाडी चालवली होती. हातही तोच होता आणि काळजीही तीच.

"काका," मी म्हणाले, "नाव नसलं तर वाचणाऱ्याला मी सापडणार कशी? त्याला आवडलं, अजून वाचावं वाटलं, तर तो कुणाला विचारणार?"

ते विचारात पडले. "हे ध्यानात न्हाय आलं बग," म्हणाले. मग आप्पांकडे तोंड करून, "तू तरी सांगायचं की मर्दा!"

तेवढ्यात सून भाकरी-पिठलं घेऊन आली. माझ्याहून बरीच लहान, तिशीच्या आतली. काकांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी ही दारात बसून लेख मोठ्यानं वाचते, आणि ऐकायला शेजारच्या बायका येतात, असं कळलं. मी म्हटलं, वांग्यांचा वाचून दाखव ना. ती लाजली. सासऱ्यांनी आग्रह केला तेव्हा फोन हातात घेऊन बसली.

तिनं वाचायला सुरुवात केली आणि अव्वा किडकी वांगी घेऊन भाजीवालीच्या दारात पोचते तिथं एक वाक्य असं आलं की आप्पा मोठ्यानं हसले. भाजीवाली म्हणते, "आजी, वांग्यात किडा निघाला त्येचे पैसे वेगळे घेतले न्हाईत मी." मीही हसले, आणि मग लक्षात आलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

तिनं फोन पटकन खाली ठेवला. "चुकलं ताई. तितं भाजीवाली नुसतीच गप बसली व्हती. मला वाटलं, ती कशी गप बसंल?"

"चुकलं कसलं," मी म्हणाले. "तू लिहितेस का काही?"

"मी? कुटं वेळ हाय."

येताना गाडीत आप्पांनी आपणहून निर्णय सांगितला. आता लेखाचे पहिले दोनच परिच्छेद ग्रुपवर टाकायचे, माझ्या नावासकट, आणि खाली वर्गणी कुठं भरायची ते. चारही ग्रुपवर त्यांनी तसा खुलासाही लिहिला, माफी मागून. काहींनी वर्गणी भरली. भावकीतले दोघं रुसून ग्रुप सोडून गेले. फिरायला येणाऱ्यांपैकी एक गृहस्थ तर काही दिवस तलावाला उलट्या बाजूनं फेरी मारत होते, आप्पा समोर आले की नमस्कार करायचा आणि पुढं जायचं. यादी थोडी हलली. भाषांतराची कामं सोडता येतील इतकी नाही, पण हलली.

ज्वारीची काढणी सुरू झाली तशी काकांच्या सुनेचा फोन आला. लिहिलंय म्हणाली. फोनवरच लिहून तुकड्यातुकड्यानं पाठवलं होतं, ज्वारी उपटायला गेलेल्या बायकांबद्दल. फोड येऊ नयेत म्हणून हाताला नवऱ्याचे जुने पायमोजे घालतात, आणि कुणाचा नवरा कसा आहे ते मोज्याच्या भोकांवरून एकमेकींना चिडवतात. मी दोन-तीन ठिकाणी फक्त वाक्यं तोडली आणि तिला फोन केला. "हे मी माझ्या पत्रात छापते. मानधन देईन. नाव घालू ना?"

ती घुटमळली. घरी विचारून सांगते म्हणाली. मला वाटलं, आता हे अडणार. संध्याकाळी काकांचाच फोन आला.

"नाव घाल. सगळं घाल. माहेरचं बी घाल. तिचा बा लई खूश हुईल."

त्या शनिवारी आप्पा चहाला आले आणि माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी तो लेख वाचला. मी चहा पुढं ठेवला, तो निवला, साय धरली. वाचून झाल्यावर त्यांनी अव्वाला फोन लावला आणि म्हणाले, "छलो बरदाळ." छान लिहिलंय तिनं.

आप्पा कानडीत कौतुक करतात तेव्हा ते मनापासूनचं असतं. मराठीत ते कुणाचंही करतात. मला जरा टोचलं, आणि मी ते बोलून दाखवलं. "माझ्या लेखाला असं कधी म्हणालात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझं धड वाचताच येत नाही मला," म्हणाले. "कुणाला काय वाटेल, कोण नाव ठेवेल, हेच डोक्यात. शेवटाला आलो की वाटतं, चला, सुटलो. हिचं कसं बिनघोर वाचलं."

मग त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं, उठले, तो परत पातेल्यात ओतला आणि गॅस लावून ढवळत उभे राहिले. मी शेजारी जाऊन दुसरा कप पुढं केला.