हलायचं नाही

अण्णांच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलात की पहिला हुकूम ठरलेला: "हलायचं नाही." आणि मग स्वतःची जी टकळी सुरू व्हायची ती थेट टॉवेल झटकेपर्यंत. गिऱ्हाईक बिचारं "हो ना, हो ना" करत मान डोलवायचं आणि वर बोलणी खायचं. आता अशा माणसाच्या पोटी नेमकी चिमी यावी, याला काय म्हणावं!

चिमीची मान घटकाभर स्थिर नसे. लहान होती तेव्हा नुसती डोळे मिचकावायची. मग खांदा उडायला लागला, मग मान. हा टुरेट नावाचा मेंदूचा विकार आहे, झटके आपोआप येतात, हे कळायलाच बरीच वर्षं गेली. तोवर नातेवाइकांनी "लाडावलीय, दुसरं काय" असं निदान करून टाकलं होतं. त्यात तोंडून एक शब्द निसटायचा. तोही कुठला, तर "टकलू!" आणि कुठे, तर बापाच्या सलूनमध्ये, एखाद्या साहेबांनी नुकती टोपी काढलेली असताना. अण्णा घाईघाईने म्हणायचे, "मुद्दाम नाही हो बोलत, आजार आहे तिला." एक साहेब म्हणाले, "असेल बुवा आजार. पण नजर चांगली आहे पोरीची."

तिचे केस मात्र अण्णाच कापत. दुसऱ्या कुणाची छातीच नव्हती. झटका येण्याआधी तिचा श्वास किंचित अडायचा. तेवढ्यात अण्णांची कात्री वर. मान हिसकायची, जागेवर यायची, की कात्री पुन्हा खाली. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, पण अण्णांच्या गप्पांत खंड नाही. "आजवर पोरीच्या कानाला ओरखडा नाही," ही त्यांची सगळ्यात आवडती फुशारकी. नवीन गिऱ्हाइकाला ती ऐकवल्याशिवाय ते दाढीला साबण लावत नसत.

चिमीला सोळावं लागलं आणि झटके इतके वाढले की मानेच्या मणक्यांना इजा व्हायला लागली. हाताला मुंग्या येऊ लागल्या. औषधं झाली, झटका परतवायचे सराव झाले, कशाने म्हणून फरक पडेना. शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेचं सुचवलं. कवटीला बारीक भोकं पाडायची, मेंदूत खोलवर दोन तारा सोडायच्या आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवायची.

"या वयात आम्ही सरसकट करत नाही हे," बाई म्हणाल्या. "झटके पूर्ण जातीलच असंही नाही. पण असंच चाललं तर मान दगा देईल."

अण्णांची बोबडी वळली. "पण तारा घातल्यावर ही आमची चिमीच राहील ना? म्हणजे... अशीच आगाऊ?"

"अण्णा, तेवढी ताकद नसते हो बॅटरीत," चिमी म्हणाली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "करा. मला एकदा पुस्तकाचं अख्खं पान सलग वाचायचंय."

शस्त्रक्रियेच्या दिवशी अण्णा वस्तरा घेऊन दवाखान्यात हजर. "आमच्या पोरीच्या डोक्याला परका हात लागणार नाही!"

सिस्टर म्हणाल्या, "काका, थोड्या वेळाने आतपर्यंत लागणार आहे. वस्तरा ठेवा पिशवीत. मशीन आमचं, हात हवा तर तुमचा."

अण्णांनी मशीन घेतलं. त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षर न बोलता केस कापत होते, आणि तेच बघवत नव्हतं. सगळं झाल्यावर चिमीने आरशात पाहिलं. "टकलू!" झटका होता की थट्टा, देव जाणे. सगळे खोखो हसले आणि हसता हसता आईला रडू फुटलं.

शस्त्रक्रिया सुखरूप झाली, पण जादू वगैरे काही झाली नाही. बॅटरीचा जोर कमी-जास्त करण्यात महिने गेले. एकदा तर असा जोर लागला की चिमीला हसू आवरेना, अण्णा म्हणाले, "हाच ठेवा." बाईंनी ऐकलं नाही. हळूहळू मान शांत होत गेली. अधूनमधून खांदा उडायचा, तेवढंच.

केस वाढल्यावर चिमी सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसली. अण्णांनी कंगवा फिरवला, कात्री चालवली. तिने नुसता एक श्वास घेतला आणि अण्णांची कात्री वर गेली. मान जागच्या जागी. कात्री खाली आली, पुन्हा वर गेली. काहीच झालं नाही.

चिमी आरशातून बघत होती. "काय हो अण्णा, आता तुम्हाला झटके यायला लागले की काय?"

"गप बस, आगाऊ कुठली," अण्णा म्हणाले. पण कात्री पुन्हा वर गेली आणि या खेपेला ती खाली आणताना त्यांना समोरचं नीट दिसेना. डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं: चिमीच्या कानाला ओरखडा उठला. बारीकसा, पण रक्त आलं.

अण्णा मटकन बाकावर बसले. "अगं, मी... माझ्या हातून..." आणि भर सलूनमध्ये, गिऱ्हाइकांदेखत, ते खांदे हलवून रडायला लागले.

चिमी एका हाताने कान दाबून खुर्चीतून उठली. दुसऱ्या हाताने टॉवेलचं टोक घेऊन बापाचे डोळे पुसायला वाकली.

"अण्णा," ती म्हणाली, "हलायचं नाही."