दोन फ्रॉक

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आठ वर्षांची सुमन बालकल्याण समितीसमोर आली, तेव्हा तिच्या अंगात एकावर एक दोन फ्रॉक होते. मारहाण करणाऱ्या काकाकडे तिला परत पाठवायचे की बालगृहातच ठेवायचे, हे ठरायचे होते. तिच्या बाजूने बोलायला स्वयंसेविका म्हणून मी होते.

"अगं, उकडत नाही का?"

"आज कुठं पाठवतील काय माहीत, ताई. मागच्या वेळी काकाकडून आणलं तेव्हा कपडे घेऊच दिले नाहीत."

माझ्या फाइलीत आजची सुनावणी फक्त एक तारीख होती. सुमन मात्र दर तारखेला घर सोडायच्या तयारीने येत होती.

काका आला नाही. समितीने पुढची तारीख दिली. वरचा फ्रॉक न काढताच सुमन बालगृहाच्या गाडीत बसली.