दादाचा डग्गा आणि माझा अॅम्प्लिफायर

माझ्या थोरल्या भावाचा डावा हात गेला, त्याला आता दीड वर्ष झालं. गेला म्हणजे जागेवर आहे, पण उचलत नाही. दादाने नोकरी कल्याणला एका सरकारी कचेरीत केली, पण जीव सगळा तबल्यात. डोंबिवलीच्या घरात पुढच्या खोलीत त्याचा क्लास भरायचा. उजवा हात तबल्यावर आणि डावा डग्ग्यावर, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचं काय गेलं ते वेगळं सांगायला नको. तरी सगळं सांगणार आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

मी स्वतः काही वाजवत नाही. मला वाजवणारी यंत्रं आवडतात. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या दोन खोल्या आहेत आणि त्यातल्या एकीत माझे स्पीकर आहेत, कमरेएवढे उंच. बायको म्हणते, पाहुणा आला तर त्याला झोपवायचं कुठे ते आधी स्पीकरना विचारावं लागतं. तिचं खरं आहे. या विषयात मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नाही, हेही तितकंच खरं.

हात गेला त्याच वर्षी, आधी गुरुपौर्णिमेला, दादाच्या विद्यार्थ्यांनी छोटा हॉल घेऊन कार्यक्रम केला. शेवटी दादा अर्धा तास एकटा वाजवायला बसला. रेकॉर्डिंग अर्थातच मी केलं, चांगला माईक लावून. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि ते ऐकायला पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसला. पाचच मिनिटं ऐकलं असेल.

"डग्गा नीट येत नाहीये रे," तो म्हणाला. "नुसता घुमतोय. मी मनगट दाबतो तिथे आवाज वर चढायला हवा. तो कुठे चढतोय?"

"रेकॉर्डिंगमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये हां," मी म्हणालो.

"रेकॉर्डिंगला कुठे काय म्हणतोय मी?"

म्हणजे माझ्या स्पीकरना म्हणत होता. माझं डोकं फिरलं. भांडण मात्र केलं नाही, कारण डोकं फिरलं की मी स्क्रूड्रायव्हर शोधतो.

दोष शोधायला मला महिना लागला, आणि चूक माझीच निघाली. माझे स्पीकर चार ओहमचे आणि अॅम्प्लिफायर आठ ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेला. ओहम जितके कमी, तितका स्पीकर जास्त करंट मागतो. त्यावर वॅट भरपूर लिहिलेले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण बेसला नुसती ताकद पुरत नाही, पकड लागते. डग्ग्यावर थाप पडली की स्पीकरचा मोठा पडदा पुढे येतो, आणि थाप संपली की तो तिथल्या तिथे थांबावा लागतो. त्याला थांबवायचं काम अॅम्प्लिफायरचं. भरलेली बस माजिवड्याच्या पुलावरून उतरताना इंजिन किती मोठं आहे हे कुणी विचारत नाही, ब्रेक लागतो की नाही एवढंच बघतात. माझ्या अॅम्प्लिफायरला ब्रेकच नव्हता. थाप संपली तरी पडदा हलत राहायचा, तेवढ्यात पुढची थाप यायची, आणि सगळा डग्गा रिकाम्या पिंपासारखा घुमायचा.

हे मी दादाला कागदावर चित्र काढून समजावलं. त्याने कधी नव्हे ते नीट लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे गडबड मशीनमध्ये आहे?"

"शंभर टक्के."

"नक्की ना?"

"अरे, मी सांगतोय ना तुला!"

त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला. मला वाटलं, धाकट्या भावाला या वयात का होईना, पण मानायला लागला. मी फारच खूश झालो होतो.

मग दादा दर रविवारी यायला लागला. पूर्वी महिना महिना फिरकायचा नाही, वहिनीच फोन करायची. आता बरोबर साडेबाराला हजर. मी आठवडाभर खटपट करून काहीतरी बदललेलं असायचं. आधी बारीक, लांबलचक वायर काढून जाड आणि आखूड वायर टाकली. मग स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातून ओढून पुढे आणले, कारण कोपरा बेस आणखी फुगवतो. बायकोला फ्रिजकडे जायला वाट उरली नाही. दरवेळी दादा तेच गुरुपौर्णिमेचं रेकॉर्डिंग लावायला सांगायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा.

"सुधारलंय थोडं. पण अजून नाही."

"अॅम्प्लिफायरच बदलायला लागेल. तो आला की बघच तू."

"हो ना? तोच असणार," तो म्हणायचा.

मी एकदोनदा म्हणालो, तुझं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावून बघू, म्हणजे फरक कळेल. पण त्याने विषय बदलला. एका रविवारी त्याच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला. "म्हातारा झालास, दोन्ही हातांनी धरत जा," असं म्हणून मी मोठ्याने हसलो. तोही हसला. बायकोने फरशी पुसली आणि मी पुन्हा वायरी घेऊन बसलो.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ जुने सेट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे मला हवा तसा अॅम्प्लिफायर मिळाला. मी मागचे आकडे वाचत होतो, तर ते म्हणाले, "ते नंतर वाचा साहेब, आधी उचलून बघा." उचलला आणि कंबर धरली. आत एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर होता की चार ओहमचा स्पीकर कितीही करंट मागू दे, हा देणार. पण त्याची एक बाजू बंद होती. पार्ट यायला दोन आठवडे लागतील म्हणाले.

ते दोन आठवडे पुरे झाले नाहीत. दिवाळीच्या आधी एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता दादा खाली पडला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी हात जड वाटणं, हातातून वस्तू पडणं, असं काही झालं होतं का? बऱ्याच जणांना अशी सूचना मिळते, तेव्हाच आले तर औषधांनी पुढचं टळू शकतं. वहिनी नाही म्हणाली. मला कप आठवला आणि मी गप्प बसलो. एक कप कुणाच्याही हातून पडतो, असं मी स्वतःला समजावलं.

पुढचे सहा महिने व्यायामात गेले. पाय बराच सुधारला, काठी धरून तो घरात चालू लागला. हात काही हलला नाही. विद्यार्थी हळूहळू दुसरीकडे जाऊ लागले आणि त्यात त्यांची चूक नव्हती. एक दिवस मी भेटायला गेलेलो असताना दादाने अचानक विचारलं, "तुझा तो अॅम्प्लिफायर आला का रे?"

तो कधीच दुरुस्त होऊन आला होता, पण आमच्याकडे तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. तेव्हा मीच टेम्पोत स्पीकर आणि अॅम्प्लिफायर घालून डोंबिवलीला गेलो. क्लासच्या खोलीत सगळं जोडलं. आधी मीच त्याचं दहा-बारा वर्षांपूर्वीचं एक रेकॉर्डिंग लावलं. या वेळी त्याने अडवलं नाही.

काय सांगू! डग्गा समोर बसून कुणीतरी वाजवत असावं, असा. थाप पडायची आणि थांबायची. मनगटाच्या दाबाने आवाज चढायचा, सरकत खाली यायचा, आणि प्रत्येक थाप वेगळी. दादाचा चेहरा उजळला. मी तर जिंकल्यासारखा त्याच्याकडे बघत होतो.

"आता गुरुपौर्णिमेचं लाव," तो म्हणाला.

लावलं. स्पीकर तेच, अॅम्प्लिफायर तोच, खोलीही तीच. तबला स्वच्छ, बोटं तयार. आणि डग्गा? आवाज चढायला हवा तिथे तो सपाट पडत होता. थाप उजव्या हाताच्या किंचित मागे, ओढत ओढत येत होती. मला तबल्यातलं फारसं कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. इतके महिने त्या घुमण्याखाली हे झाकलेलं होतं. मी ते घुमणं काढत बसलो होतो आणि खाली काय आहे ते बघितलंच नव्हतं. मी बंद करायला उठलो, तर दादाने मानेनेच नको म्हटलं. शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाला, "वाजवतानाच हात जड वाटलेला मला."

"मग बोलला का नाहीस? दादा, अरे, तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो आपण!"

"तू म्हणालास ना, गडबड मशीनमध्ये आहे. शंभर टक्के म्हणालास. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. पण शनिवार आला की परत शंका यायची. मग रविवारी यायचो, तुझ्या तोंडून परत ऐकायला."

मला रडू आवरेना. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात मी कधी बरोबर वाटलो नाही, त्याने नेमकं तेवढंच माझं ऐकलं होतं. मी तोंड फिरवून वायरी गुंडाळायला लागलो.

वहिनी चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "झालं का एकदाचं तुमच्या मनासारखं? येतो का आता डग्गा नीट ऐकू?"

दादाने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर घेतला.

"हो," तो म्हणाला. "आता अगदी स्वच्छ येतो. याने चांगलं काम केलंय."