बोनटखालचा हिरवा

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी मुद्दाम सांगते, कारण जीपचं सगळं प्रकरण मी त्या पदवीच्या जोरावर अंगावर घेतलं.

बाबांनी लष्कराच्या लिलावातून जुनी जीप घेतली. आष्टीच्या बाजाराला जायला, असं ते सांगत. खरं कारण रंग. जीप अस्सल फौजी हिरवी होती. तरुणपणी बाबा भरतीला गेले होते आणि छाती दोन बोटं कमी भरली म्हणून परत आले होते. आता निदान त्या रंगाच्या गाडीतून त्यांना बाजारात उतरायचं होतं.

लिलावातल्या गाडीची आरटीओत नव्याने नोंद करावी लागते. बाबा म्हणाले, एजंटला देऊ. मी म्हटलं, घरात बी.ए. बसली असताना एजंट कशाला?

"बरं माय, तूच कर. पण नाई झालं त गाडी भंगारात देतो, अन् तुही पदवी तिच्या मांगं बांधतो."

मी नियम वाचायला बसले आणि एका ओळीशी अडकले. सैन्याबाहेरच्या गाडीला हा हिरवा रंग चालत नाही. बाबांना सांगितलं, तर ते उठून जीपजवळ गेले आणि मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले.

"मंग कोणता चालते?"

"हा सोडून कोणताही."

पोळा नुकताच झाला होता. बैलांच्या शिंगांचा लाल रंग उरला होता, त्यात आणखी डबे आणले. दोन दिवस बाबा जीपखाली आडवे होते. मी म्हटलं, खालून कोण पाहणार आहे?

"बैलाचे खूर सोडतो का आपण रंगवाचे?"

दुखावलेला माणूस आहे, रंगवू दे, असं म्हणून मी गप्प बसले. चूक तिथेच झाली.

बिननंबरी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती ट्रकवर चढवून नेली. तपासणीच्या साहेबांनी कागद पाहिले. लष्कराचा विक्रीचा दाखला, विमा, अर्ज, सगळं जागच्या जागी. माझी मान ताठ. मग साहेब पुढच्या चाकाजवळ वाकले.

"चेसिस नंबर कुठे आहे?"

तो लाल रंगाच्या तीन थरांखाली होता. खुरांसोबत तोही रंगवला गेला होता.

"नंबर दिसला नाही तर गाडी परत न्या."

बाबा म्हणाले, "साहेब, पोरगी बी.ए. आहे."

"मग वाचता येत असेल. वाचू द्या."

फाटकाबाहेर पाट्या रंगवणाऱ्याकडून मी थिनर आणलं आणि इस्त्रीच्या पंजाबी ड्रेससकट गाडीखाली शिरले. वरून बाबा दाखला हातात धरून विचारत होते.

"सात हाय का?"

"हाय."

"मंग चार?"

"थांबा, घासून राह्यली नं."

शेवटचा आकडा निघाला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लाल होते. नंबर जुळला. साहेब म्हणाले, आता बोनट उघडा, इंजिन नंबर पाहू.

बाबा हलले नाहीत. "तिथं काई नाई साहेब."

"इंजिन नाही?"

मीच बोनट वर केलं. आत सगळं हिरवं. खूर न सोडणाऱ्या माणसाने तेवढा भाग अलगद सोडला होता.

"रंग पुरला नाई," बाबा म्हणाले. अर्धा डबा मागच्या सीटखाली होता, तो मला दिसत होता. साहेबांना दिसला असला तरी ते बोलले नाहीत. त्यांनी इंजिन नंबर जुळवला, आतला हिरवा नीट पाहून घेतला.

"रस्त्यावर बोनट बंद असतं ना?"

"बंदच राह्यते, साहेब."

त्यांनी सही केली.

आता आमची जीप रस्त्यात कधी तापत नाही. ती आष्टीच्या बाजारात तापते, तेही नेमकी गर्दीत. बाबा बोनट उभं करतात आणि बाजूला कमरेवर हात ठेवून उभे राहतात. माणसं जमतात, आत डोकावतात. कोणी विचारतं, पासिंग कोण्या एजंटनं केली? बाबा म्हणतात, "आमच्या पोरीनं. बी.ए. हाय."

मी सीटखालून पाण्याची बाटली काढून हळूच त्यांच्या हातात देते. गाडी तापली असेल तर पाणी टाकायला हवं, एवढं तरी दिसलं पाहिजे.