वडिलांचा नंबर

धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दिपमाला मॅडम बारा वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवत होत्या. पालक शिक्षक म्हणून वीस पोरं त्यांच्या वाट्याला आलेली. पोरं मागून त्यांना ‘फौजदार’ म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण हा फौजदार आतून फार भित्रा होता. चार वर्षांपूर्वी एक पोरगा वर्गातून असाच हळूच नाहीसा झाला, आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजात त्याची शोकसभा झाली. तेव्हापासून सलग तीन गैरहजेऱ्या दिसल्या की त्या घरी फोन लावायच्या.

शेवटच्या बाकावरचा भूषण आठ दिवस नव्हता. वडील दर फोनला सांगत, “ताप शे, मॅडम. बरा व्हयना का कॉलेजले धाडी देस.” काल मात्र मॅडमचा तोल गेला. चार विषय राहिलेत, पोरगा तुम्हाला फसवतोय, असल्याला शिकवून उपयोग नाही, असं त्यांनी फाडफाड सुनावलं. पलीकडून नुसतं “बरं” आलं.

आज एक शेतकरी स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. चाळीसगावकडचे पितांबरभाऊ, भूषणचे वडील. पोरगा आठ दिवस फोन उचलत नाही, होस्टेलवरही नाही, म्हणून आले होते. अहो, कालच तर आपण बोललो, असं मॅडम म्हणाल्या.

“मी तं तुमले आजच देखी ऱ्हायनू, मॅडम. तुमना फोन कधी उना नही.”

प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांचा नंबर पोरंच भरतात, हे बारा वर्षांत मॅडमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तोच नंबर लावून स्पीकर सुरू केला. बऱ्याच वेळानं कुणीतरी खाकरलं. “बोला, मॅडम.”

भाऊंचा चेहरा उतरला. “हाऊ मना भूषण शे,” ते पुटपुटले. “मना आवाज काढी ऱ्हायना.”

म्हणजे काल ते सगळं त्या पोरानंच ऐकलं होतं. आपण ओळखलं हे कळलं तर तो फोन ठेवेल, आणि मग त्याला शोधायचं कुठे? त्या सावकाश बोलू लागल्या. “पितांबरभाऊ, काल मी फार वाईट बोलले. चुकलं माझं. चार विषय निघतील, मी बसेन त्याच्याजवळ. तो कुठे आहे, तेवढं सांगा.”

पलीकडून तोच बापाचा आवाज आला, पण थरथरता.

“मॅडम, पोऱ्या नापास व्हयना, ते बाप त्याले घरमा लेई का?”

पितांबरभाऊंनी दोन्ही हातांनी फोन धरला.

“लेई ना, भूषण,” ते म्हणाले. “तू कोठे शे? मी लेवाले येस.”